वावरात हाती न येणारं गावठी कुत्रं: काठीऐवजी खाऊ देऊन कसं शिकवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षाचा गावठी नर, नाव शेरू. दिवसा वावरात मोकळा, रात्री कोठ्यापाशी बांधलेला. घरच्या अंगणात हाक मारली की येतो. वावरात मात्र बकऱ्यांचा कळप दिसला की सुटतो. हाक मारली तर वीस-पंचवीस पावलांवर उभा राहून पाहतो आणि तुम्ही जवळ गेलात की तेवढाच मागं सरकतो. शेजाऱ्याची एक पाठ (तरुण बकरी) लंगडी झाली आणि त्यावरून भांडण झालं. गावात सांगतात, दोन रट्टे हाणा, सरळ होते. भाच्यानं मोबाइलवर पाहून खाऊ देऊन शिकवायचं सुचवलं. आता तुम्हाला शंका आहे की गावठी कुत्रं असं शिकेल का, शिकलं तर लालची होईल का, की याचा नाद सोडून नवीन पिल्लूच आणावं.

भाऊ, शेरूला तुमची हाक कळत नाही असं नाही. अंगणात येतो म्हणजे चांगली कळते. वावरात तुम्ही त्याला हाक कधी मारता ते आठवा: संध्याकाळी बांधायची वेळ झाली तेव्हा, तो बकऱ्यांमागे लागला तेव्हा, आणि डोकं तापलेलं असतं तेव्हा. म्हणजे वावरात 'ये'चा अर्थ मजा संपली, साखळी आली, कधी काठीही आली. वीस-पंचवीस पावलं हा त्याचा कोडगेपणा नाही. काठी किंवा भिरकावलेलं ढेकूळ नेमकं लागणार नाही एवढं अंतर त्यानं मोजून ठेवलंय. ज्या वावरात दिवसभर राबून संध्याकाळी मजुरीऐवजी शिव्या मिळतात, तिथं दुसऱ्या दिवशी मजूर येत नाही. शेरूचं तेच झालंय. त्यामुळे पहिलं काम मजुरी चालू करायचं, आणि ती बकऱ्यांमागे पळण्यापेक्षा जास्त ठेवायची.

दुसरी गोष्ट, तुमच्या प्रश्नात दोन कामं एकत्र झाली आहेत. हाकेला येणं हे एक, बकऱ्या दिसल्यावर शांत राहणं हे दुसरं. दोन्ही वेगवेगळी शिकवायची आणि ती पक्की झाल्यावरच जोडायची. बहुतेक जण सरळ कळपासमोर हाका मारून सुरुवात करतात. तिथंच गाडी अडते.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. त्यानं पाठीला नुसतं पळवलं की दात लावून रक्त काढलं, यानं पुष्कळ फरक पडतो. पळवताना पाय मुरगळून जनावर लंगडं झालं असेल तर खाली दिलेलं सगळं लागू. पकडून चावलं असेल तर शिकवणं चालू ठेवा, पण कळपाच्या आसपास त्याला बिनदोराचं सोडायचा विचार पुढचे निदान सहा महिने नको, कदाचित कधीच नको. शेरू एकटा जातो की गावातल्या दोन-तीन कुत्र्यांबरोबर, हेही पाहा. टोळीत गेलेलं कुत्रं वेगळंच वागतं, तिथं शिकवणीचा उपयोग कमी आणि बांधून ठेवण्याचा जास्त. अंगावर गोचिड्या भरपूर असतील, खाणं कमी झालं असेल, हिरड्या फिक्या असतील, तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गोचिडतापानं मरगळलेलं कुत्रं खाऊलाही हुंगत नाही आणि माणसाला वाटतं ही पद्धतच खोटी. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर आणि मग दरवर्षी, ती झाली नसेल तर त्याच फेरीत उरकून घ्या, कारण पुढं गळ्याला, पट्ट्याला रोज हात लावायचा आहे.

आता गावठी कुत्रं शिकेल का? शिकेल. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांजरांना पेटीत कोंडून पाहिलं होतं. ज्या हालचालीनं दार उघडून खाणं मिळायचं, ती हालचाल मांजर दर वेळी लवकर करू लागलं. पुढं बी. एफ. स्किनर या दुसऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याच पायावर मोठं काम केलं. नियम एवढाच: ज्या वागण्यानं लगेच फायदा होतो ते वागणं वाढतं. यात जातिवंत आणि गावठी असा भेद नाही. उलट गावठी कुत्र्याची नजर तेज असते, आणि ताक-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याला उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा म्हणजे मोठी गोष्ट असते. अडचण येते ती भित्रेपणाची. हात उगारला की दबणारं कुत्रं शिकायला वेळ घेतं.

खाऊ कोणता, किती

तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा. याहून मोठा नको. मोठा दिला की तो चावत बसतो, आणि दहाव्या तुकड्याला पोट भरून सावलीत जातो. एका उकडलेल्या अंड्याच्या नुसत्या पांढऱ्यातून पुरेसे तुकडे निघतात. पिवळं कापू नका, त्याचा भुगा होऊन जमिनीवर सांडतो आणि कुत्रं तुमच्याकडे पाहायचं सोडून माती हुंगत राहतं. ते संध्याकाळच्या भाकरीत कुस्करून द्या. उकडलेली कोंबडीची कलेजी सगळ्यात भारी, पण ती रोज नको, अवघड कामासाठी राखून ठेवा. सुकट चालते, फक्त आधी अर्धा तास पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, कारण तिला मीठ फार. घरात अंडं-मांस चालत नसेल तर पनीर, किंवा शिळ्या ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तुपाच्या बोटानं चोळून. तेही अंगणातल्या कामाला पुरतात, बकऱ्यांसमोर पुरणार नाहीत.

मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण कुत्र्याला द्यायचं नाही. शिजवलेली हाडं नाहीत, ती चिरफळून आतड्यात रुततात. आणि फवारणी करून आलेल्या हातानं खाऊ देऊ नका. फवारणीच्या कपड्यांच्या खिशात तर तो कधीच ठेवू नका. कमरेला चंचीसारखा एक कापडी बटवा बांधा आणि तो फक्त खाऊसाठी वापरा.

दिवसाला साठ-सत्तर तुकडे लागतील. ऐकायला फार वाटतं, पण सगळे मिळून मूठभरच होतात. तेवढी भाकर संध्याकाळी कमी करा. शिकवणी जेवणाआधी, जेवणानंतर कधीच नाही. पण उपाशीही मारायचं नाही. भुकेनं कासावीस कुत्रं हातावर झडप घालतं, डोकं लावत नाही.

पहिला आठवडा: अंगण, हात आणि शिट्टी

पहिले दोन दिवस एकच काम. एक छोटा शब्द ठरवा, ज्याचा अर्थ 'बरोबर केलंस, खाऊ येतोय'. वावरात बैलांना, ढोरांना आपण दिवसभर काही ना काही म्हणत असतो, जिभेनं चुकचुकतोही, म्हणून तसला आवाज नको. 'गुड' चालेल, तो एरवी कोणी म्हणत नाही. शब्द म्हणा, मग हात बटव्यात घाला, मग तुकडा द्या. असं वीसेक वेळा. शेरूनं काही करायची गरज नाही. क्रम मात्र मोडू नका. हात आधी हलला आणि शब्द नंतर आला तर कुत्रं शब्द ऐकतच नाही, नुसता हात पाहतं, आणि मग बटवा दिसला नाही की काम बंद. खाऊशिवाय ऐकत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची चूक इथंच असते.

शब्द का हवा? कुत्र्यानं योग्य गोष्ट केल्यापासून अर्ध्या ते एका सेकंदात त्याला कळलं पाहिजे. दहा पावलांवरून तुम्ही तुकडा घेऊन पोचेपर्यंत त्यानं चार वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात, आणि तुकडा शेवटच्या गोष्टीच्या खात्यात जमा होतो. शब्द ती खूण वेळेवर करतो, मग खाऊ दोन सेकंदांनी आला तरी चालतं.

तिसऱ्या दिवसापासून तळहाताला नाक लावायला शिकवा. मार खाल्लेल्या कुत्र्यासाठी मी हे सगळ्यात आधी घेतो, कारण त्याच्या डोक्यात हात म्हणजे धोका असतो आणि तो हिशोब आधी बदलावा लागतो. उकिडवे बसा, अंग थोडं तिरपं ठेवा, समोरासमोर टक लावून पाहू नका. रिकामा तळहात त्याच्या नाकापासून चार बोटांवर, खालच्या बाजूनं, बोटं जमिनीकडे. वरून हात नेलात तर तो दबेल. तो हुंगायला पुढं येईल. नाक लागलं त्याच क्षणी 'गुड', हात मागं घ्या, दुसऱ्या हातानं तुकडा द्या. नाक लागत नसेल तर आधी नुसतं हाताकडे पाहण्याला द्या, मग मान पुढं करण्याला, मग लागण्याला. हात त्याच्या नाकावर नेऊन टेकवू नका. पुढं यायचं काम त्यानं करायचं. आठ-दहा वेळा झालं की थांबा. एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढंच. तो अजून करायला उत्सुक असतानाच बटवा बंद करायचा.

हाताला नाक सहज लागू लागलं की हात एक पाऊल दूर, मग दोन पावलं, मग तुम्ही चालता चालता. याचा पुढं दुहेरी उपयोग आहे. तो हातापाशी स्वतःहून येतो, आणि बकऱ्या दिसल्यावर त्याला वळवायला हातात काहीतरी राहतं.

त्याच्या जोडीनं पट्टा धरण्याची सवय लावा. एका हातानं पट्ट्याला नुसतं बोट लावा, 'गुड', तुकडा. मग पट्टा धरून सोडा, तुकडा. मग दोन सेकंद धरून ठेवा. कुत्रं जवळ येऊनही हाती लागत नाही याचं निम्मं कारण पट्ट्याला गेलेला हात असतो. ही पायरी लोक गाळतात, कारण ती शिकवण्यासारखी वाटतच नाही.

आता हाक. तुमची 'ये शेरू' वावरात खराब झालेली आहे, ती घरापुरती राहू द्या. वावरासाठी शिट्टी घ्या, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते तसली. तिचा आवाज लांब जातो, तिच्यात राग उमटत नाही, आणि तुम्ही वाजवली काय नि सालदारानं वाजवली काय, सारखीच. दोन छोटे, एक लांब, असा ठेका ठरवा. आसपासचे गुराखी वाजवतात त्याहून वेगळा हवा. पहिले तीन दिवस शेरू शेजारीच असताना वाजवायची आणि लगेच चार तुकडे एकामागून एक. दिवसातून आठ-दहा वेळा. तो शिट्टी ऐकताच तुमच्या तोंडाकडे नाही, बटव्याकडे बघू लागला की मग पाच-सहा पावलांवरून वाजवा, तो दुसरीकडे पाहत असताना, पण कशात गुंतलेला नसताना. मान वळवली की 'गुड'. आला की तुमच्या गुडघ्यापाशी, अंगाला लागून खाऊ द्या, हात लांब करून नाही. एका हातानं पट्टा धरा, दुसऱ्यानं भरवा, पट्टा सोडा आणि 'जा' म्हणा. हे 'जा' तुकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा परत सोडायचं. आल्यानं मजा संपत नाही, उलट खाऊ मिळून वर मोकळीक मिळते, हे त्याला शंभर वेळा अनुभवायला मिळालं पाहिजे.

दोर बांधून वावरात

अंगणात दहापैकी आठ वेळा पहिल्या शिट्टीला आला की पुढची पायरी. दहापैकी पाच किंवा कमी वेळा आला तर एक पायरी मागं. हा आकडा सगळीकडे वापरा, अंदाजानं पुढं जाऊ नका.

दहा मीटरचा सुती दोर घ्या, करंगळीएवढा जाड. नायलॉनचा नको, कुत्रं धावलं की तळहाताची साल निघते. टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका, ती तुरीच्या धसकटात, पऱ्हाटीच्या बुडात अडकते. दोर गळपट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला जोडा. दहा मीटरच्या धावेचा हिसका मानेवर बसला तर इजा होते, आणि शिट्टीशी दुखणं जोडलं जातं ते वेगळंच. छातीचा पट्टा बाजारात मिळाला नाही तर जुन्या रुंद नवारीचा शिवून घेता येतो. पुढच्या दोन्ही पायांमागून एक वळसा, मानेच्या बुडाशी एक, आणि पाठीवर दोन्ही जोडणारी पट्टी. काखेत दोन बोटं जातील एवढा सैल.

दोर ओढून आणायला नाही. तो फक्त पळून जाऊ नये म्हणून आहे. शिट्टी एकदाच वाजवा. तीन सेकंदांत वळला नाही तर पुन्हा वाजवू नका, ओरडू नका. उलट्या दिशेनं चालू लागा, खाली बसून मातीत काही सापडल्यासारखं करा, तो आला की भरवा आणि पुढच्या वेळी अंतर निम्मं करा. पाचदा वाजवलेली शिट्टी म्हणजे पहिल्या चार ऐकल्या नाहीत तरी चालतात, असा धडा.

रिकाम्या वावरापासून सुरुवात करा, सकाळी, आसपास कोणी नसताना. मग सालदार धुऱ्यावर डबा उघडून बसलेला असताना. मग बैल चरत असताना. अडचण एका वेळी एकच वाढवायची. अंतर वाढवलं तर बाकी सगळं शांत हवं, नवीन जनावर आणलं तर अंतर पुन्हा दोन पावलांवर. झटका मशीनचं कुंपण असेल तर शिकवणीच्या वेळी ते बंद ठेवा. तुमच्याकडे धावत येताना तारेचा झटका बसला तर तो त्या तारेला नाही, तुमच्या शिट्टीला घाबरेल, आणि एकाच झटक्यात महिन्याभराची मेहनत पाण्यात जाईल.

संध्याकाळचं बांधणंही बदला. बोलवा, भरवा, सोबत चालत कोठ्यापर्यंत या, आणि साखळीपाशी भाकरीची थाळी आधीच ठेवलेली असू द्या. थाळी दुसरीकडे कुठंच द्यायची नाही. दोन आठवड्यांत तो स्वतःच त्या जागी जाऊन उभा राहील. घाईत असाल आणि खाऊ जवळ नसेल तर शिट्टी वाजवू नका, चालत जाऊन घेऊन या.

बकऱ्या

बकऱ्यांमागे पळणं हे स्वतःच मोठं बक्षीस आहे. तुम्ही काही दिलं नाही तरी प्रत्येक पळापळीत त्याला पगार मिळतो. म्हणून शिकवणी चालू आहे तोवर एकही फुकटची संधी मिळता कामा नये. सोयाबीन निघाल्यावर, तूर-हरभरा निघाल्यावर वावरं मोकळी होतात आणि कळप कुठूनही शिरतात. त्या दिवसांत तो दोरावर, नाहीतर कोठ्यात. आठवडाभर शिकवायचं आणि रविवारी मोकळं सोडायचं, असं केलंत तर रविवारच जिंकतो. दिवसभर एका खुंट्याला डांबूनही ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ दोरावर अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर साठलेली रग सगळी बकऱ्यांवर निघते. शिवाय कायम बांधलेल्या कुत्र्याला हिंडवायला न नेणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे गावात फार कमी लोकांना माहीत असतं.

बकरीवाल्याशी बोला. भांडण झालं असलं तरी बोला, तोच तुमचा सगळ्यात उपयोगी माणूस आहे. कळप कोणत्या वेळी कोणत्या वाटेनं जातो ते विचारून घ्या आणि त्या वाटेपासून शंभर-दीडशे पावलांवर, शेरूला दोरावर घेऊन, कळप यायच्या आधीच उभे राहा. योग्य अंतर कुत्रंच सांगतं. बकऱ्या दिसल्या, कान उभे झाले, पण तुकडा दिला तर खातो: अंतर बरोबर. अंग ताठ, तोंड मिटलेलं, शेपटी वर स्थिर, तुकडा नाकाला लावला तरी घेत नाही: फार जवळ आलात, मागं व्हा. त्या अवस्थेत कलेजीसुद्धा मातीमोल असते. तिथं शिट्टी वाजवणं म्हणजे शिट्टी वाया घालवणं.

योग्य अंतरावर काय करायचं? तो बकरीकडे पाहतो, त्या क्षणी 'गुड', तुकडा. हो, बकरीकडे पाहिल्याबद्दलच. लोकांना हे उलटं वाटतं. पण पाहणं हा गुन्हा नाही, पळणं हा प्रश्न आहे. वीसेक वेळा झालं की बकरी दिसताच तो आपोआप तुमच्याकडे मान वळवू लागतो, कारण बकरी दिसणं म्हणजे खाऊ येणं असा हिशोब बसतो. ती वळलेली मान आपल्याला हवी आहे. ती आली की तळहात पुढं करा, नाक लावू द्या, दोन-तीन तुकडे द्या आणि कळपापासून लांब चालू लागा. तीन-चार दिवस हे सहज होऊ लागलं की दहा पावलं जवळ. कळप स्थिर चरत असेल तर सोपं, पळत असेल तर फार अवघड. पळणाऱ्या कळपासाठी अंतर पुन्हा दुप्पट.

दोर ताणलेला राहिला तर कुत्रं जास्त तापतं. दोर हातात सैल ठेवा, पण टोक मनगटाला गुंडाळू नका. पंधरा-वीस किलोचा शेरू सुटला तर माणूस तोंडावर पडतो.

मोटारसायकलीमागे धावणाऱ्या कुत्र्यालाही हीच रीत, फक्त आधी उभी गाडी, मग चालू इंजिन, मग हळू जाणारी ओळखीची गाडी. मोठ्या रस्त्यावर कधीच नाही.

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांबद्दल मी असं आश्वासन देणार नाही. रान उठलं की चांगलं शिकवलेलं कुत्रंही सुटू शकतं, डुकराचे सुळे पोट फाडतात, आणि जंगलाला लागून वावर असेल तर रात्री मोकळं किंवा उघड्यावर बांधलेलं कुत्रं बिबट्याच्या तोंडी जातं. जागलीला नेत असाल तर तो मचाणाजवळ बंद जागेत हवा. त्यानं भुंकून सांगायचं, मागं धावणं त्याचं काम नाही. शिवाय वन्यजीव कायदा आहेच. कुत्रं चितळामागे गेलं तर जाब मालकाला द्यावा लागू शकतो.

मार आणि लालूच

दोन रट्टे दिल्यावर कुत्रं त्या क्षणी थांबतं, हे खरं आहे. म्हणूनच हा सल्ला गावोगाव टिकून आहे. पण शेरू बकऱ्यांमागून परत आल्यावर मारलंत तर मार परत येण्याला बसला, पळण्याला नाही, कारण पळणं संपून पाच मिनिटं झाली. तो पुढच्या वेळी पळेलच, फक्त परत येणार नाही. तुमचं वीस-पंचवीस पावलांचं अंतर तिथूनच आलं असणार. मारानं दुसरीही एक गोष्ट घडते. गुरगुरल्याबद्दल मारलं तर तो गुरगुरायचं सोडतो आणि पुढं न गुरगुरता चावतो. घरात लहान पोट्टे असतील तर हे फार महाग पडतं. तरी कोणाला चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, तिखट काही भरू नका.

लालची होईल का? खाऊ दाखवून बोलावलंत तर होईल. केल्यानंतर दिलात तर होणार नाही. सुरुवातीला काही दिवस हात दाखवावा लागतो तेवढं सोडलं, तर तुकडा बटव्यातच राहायला हवा. एखादी गोष्ट दहापैकी आठ-नऊ वेळा होऊ लागली की खाऊ अनियमित करा: कधी एक तुकडा, कधी नुसतं 'गुड' आणि पाठीवर थाप, कधी अचानक पाच तुकडे. कधी मिळेल ते माहीत नसलं की कुत्रं जास्त नेटानं काम करतं. खाऊच्या जागी त्याला आवडणाऱ्या दुसऱ्या गोष्टीही चालतात. पाटाच्या पाण्यात उतरायची परवानगी, खारीच्या झाडापर्यंत धावत जायचं 'जा', हीसुद्धा मजुरीच. वावरातल्या शिट्टीचा खाऊ मात्र पूर्ण बंद करायचा नाही, आयुष्यभर नाही. कळप समोर असताना आला तर मूठभर द्या. तिथं काटकसर नको.

घरातल्या सगळ्यांनी आणि सालदारानं एकच शब्द, एकच शिट्टी, एकच नियम पाळायचा. तुम्ही शिकवताय आणि दुपारी सालदार ढेकूळ मारतोय, असं चालत असेल तर सालदाराच्या कमरेला बटवा बांधा. ते तुम्ही शिकवण्यापेक्षाही उपयोगी ठरेल, वावरात तोच जास्त वेळ असतो.

उन्हाळ्यात शिकवणी सकाळी उजाडल्यापासून आठपर्यंत, नाहीतर दिवस मावळल्यावर. हाताची मागची बाजू जमिनीला पाच-सात सेकंद लावून पाहा. तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही होत नाही. जीभ बाहेर, धाप लागलेली, लाळ चिकट झालेली दिसली की तिथंच थांबा, सावली आणि पाणी. पावसाळ्यात काळी माती तळव्यात गोळा होऊन बोटांच्या मध्ये घट्ट बसते, कुत्रं अडखळतं आणि मन लावत नाही. वावराऐवजी मुरमाची वाट धरा.

रोज दहा-पंधरा मिनिटं मन लावून केलं तर अंगणातलं काम आठ-दहा दिवसांत, रिकाम्या वावरातलं महिन्याभरात, आणि बकऱ्यांचं दोन-तीन महिन्यांत रांगेला लागतं. मार जास्त खाल्लेला असेल तर पहिल्या टप्प्यालाच महिना जाईल. मध्ये एखादा आठवडा सगळं विसरल्यासारखा वागेल. ते बिघडणं नाही, दोन पायऱ्या मागं जा आणि तिथून पुन्हा चढा.

राहिलं नवीन पिल्लू. शेरूचं काम रांगेला लागायच्या आधी आणू नका, ते बकऱ्यांमागे पळणं त्याच्याकडूनच शिकेल. पुढं कधी आणलंत तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. तीन ते चौदा आठवड्यांचं वय ज्या गोष्टींची भीती-सवय ठरवायला मोलाचं असतं, त्यातला उरलेला काळ वाया घालवू नका. त्याच दिवसांत त्याला कडेवर घेऊन किंवा दोरावर बकऱ्या, कोंबड्या, बैल, मोटारसायकल, फवारणी पंपाचा आवाज, सगळं लांबून दाखवा, आणि शांत बसलं की तुकडा द्या. लस पूर्ण होईपर्यंत गावातल्या मोकाट कुत्र्यांच्या जागेत खाली सोडू नका. कोकरू-पिल्लाची गंमत म्हणून एकमेकांमागे पळू देऊ नका. तीन महिन्यांचं पिल्लू पळतं तेव्हा सगळे हसतात, पण वर्षभरानं तोच खेळ बकरीवाल्याच्या दारात भांडण घेऊन जातो.